मित्रदेशाकडे चीनबद्दल शब्द टाकण्याआधी : वाणिज्य आणि परराष्ट्र मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री आणि मा. परराष्ट्र मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : चीनच्या व्यापारी दर्जाबाबत मित्रदेशांकडे करायची रदबदली

महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेने २००० साली कायदा करून चीनला कायमस्वरूपी सामान्य व्यापारी दर्जा (इतर देशांच्या मालाला लागतं तेवढंच शुल्क), म्हणजे पीएनटीआर, दिला. तो काढून घ्यावा अशी विधेयकं आता तिथल्या काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांकडून येत आहेत. युरोपीय संघाने चीनला बाजार-अर्थव्यवस्था, म्हणजे भाव बाजाराने ठरतात असा देश, म्हणून मान्यता दिलेली नाही आणि त्यावरून बीजिंगची नाराजी कायम आहे. आपल्याकडे यावर चर्चा निघाली की एक सूर हमखास लागतो : भारताने आपलं वजन वापरावं, वॉशिंग्टन आणि ब्रसेल्सला सांगून चीनची कोंडी करावी. हे सांगणं कसं असावं, कुणी, कुठे आणि नेमकं काय मागावं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. चीनमधून पडेल भावात येणाऱ्या मालाविरुद्ध आपले रसायन कारखानदार अँटी-डम्पिंगचे अर्ज करतात, त्यांचे खर्चाचे तक्ते तयार करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. चीनचा दर्जा हा प्रश्न मला परिषदांमधून भेटला नाही, तो तक्त्यातल्या एका रकान्यात भेटला. त्या रकान्याचं नाव ‘नॉर्मल व्हॅल्यू’. निर्यातदाराच्या स्वतःच्या देशातला भाव किती आणि तो आपल्याला किती भावाने विकतो, यातला फरक म्हणजे डम्पिंग. समजा, एका रसायनाचा चीनमधला कागदोपत्री भाव किलोला १६० रुपये आहे आणि आपल्याकडे ते १५०ला येतं. फरक दहा रुपयांचा. पण त्या देशातले भाव बाजाराने ठरतच नाहीत, वीज, जमीन, कर्ज, कच्चा माल सगळ्यावर सरकारचा हात आहे, असं मानलं तर तो १६०चा आकडा बाद होतो. मग चिनी निर्यातदाराने आपण बाजाराच्या नियमाने चालतो हे कागदपत्रांनिशी सिद्ध करायचं. बहुतेक वेळा ते प्रश्नावली भरतच नाहीत. अशा वेळी आपली डीजीटीआर, म्हणजे डम्पिंगची चौकशी करणारी वाणिज्य मंत्रालयाची संस्था, भारतीय उत्पादकाचा खर्च, त्यावर विक्री-प्रशासनाचा खर्च आणि वाजवी नफा धरून नॉर्मल व्हॅल्यू उभी करते. ती २१० आली, तर फरक दहाचा साठ होतो. कारखाना चालू राहणार की बंद पडणार, हे या पन्नास रुपयांत ठरतं.

बाजार-अर्थव्यवस्थेचा हा दर्जा देणं-न देणं हा प्रत्येक देशाचा स्वतंत्र निर्णय आहे, असं वरवर दिसतं. आपलेच नियम वाचले तर चित्र वेगळं आहे. १९९५च्या अँटी-डम्पिंग नियमांच्या परिशिष्ट एकमधला आठवा परिच्छेद सांगतो की, चौकशीआधीच्या तीन वर्षांत भारताच्या प्राधिकाऱ्याने किंवा जागतिक व्यापार संघटनेच्या कुठल्याही सदस्य देशाने ज्या देशाला बिगर-बाजार अर्थव्यवस्था मानलं असेल, त्याला तसं गृहीत धरता येतं. त्याच परिच्छेदात उलटीही वाट आहे. एखाद्या सदस्य देशाने सविस्तर मूल्यमापन करून, ते प्रसिद्ध करून एखाद्या देशाला बाजार-अर्थव्यवस्था ठरवलं, तर आपला प्राधिकारी त्याचा आधार घेऊ शकतो. म्हणजे उद्या ब्रसेल्सने चीनच्या बाजूने असा अहवाल काढला, तर संसद मार्गावरच्या जीवन तारा इमारतीतल्या सुनावणीत तो पहिल्याच दिवशी आमच्यासमोर ठेवला जाईल. मित्रदेश काय ठरवतो यात आपला थेट, कायदेशीर हितसंबंध आहे. त्याबद्दल शब्द टाकायला आपल्याला संकोच वाटण्याचं कारण नाही.

पण शब्द टाकताना आधी ज्यांनी टाकला त्यांचं काय झालं, ते पाहावं.

चीन ११ डिसेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा त्याच्या प्रवेशाच्या करारातल्या कलम १५ने इतर देशांना ही वेगळी मोजणी करायची मुभा दिली. त्यातला एक उपभाग पंधरा वर्षांनी संपणार होता. बीजिंगने अर्थ लावला की ११ डिसेंबर २०१६ला सगळ्यांनी आपोआप चिनी भाव मान्य करायचे. युरोपात यावर दोन तट पडले. ब्रिटन, नेदरलँड्स आणि उत्तरेकडचे देश चीनला सांभाळून घ्यायच्या मताचे. इटली आणि पोलाद-सिरॅमिकवाले देश ठाम विरोधात. अशात २०१५च्या अखेरीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी ब्रसेल्सला सावध केल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली : हा दर्जा दिलात तर स्वतःची ढाल स्वतःच खाली ठेवाल.

तेव्हा अमेरिकेचं युरोपात किती वजन होतं, हे आठ-नऊ महिने आधी दिसलं होतं. चीनच्या पुढाकाराने निघालेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत सामील होऊ नका, असं वॉशिंग्टन मित्रांना सांगत होतं. मार्च २०१५मध्ये ब्रिटनने अर्ज केला. अमेरिकी अधिकाऱ्याने नाव न देता पत्रकारांकडे लंडनच्या चीनधार्जिण्या वागण्याबद्दल नाराजी व्यक्त केली, ती छापून आली, आणि आठवडाभरात जर्मनी, फ्रान्स, इटली ब्रिटनच्या मागे गेले. सगळ्यात जवळच्या मित्राला चारचौघांत बोल लावून अमेरिकेच्या हाती काही लागलं नाही.

दर्जाच्या प्रश्नात मात्र युरोप अमेरिकेला हव्या त्या जागी पोचला. अमेरिकेच्या सांगण्याने पोचला, असं म्हणायला मी धजणार नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये पोलाद उद्योगातले हजारो कामगार आणि मालक एकत्र ब्रसेल्सच्या रस्त्यावर उतरले. १२ मे २०१६ला युरोपीय संसदेने ५४६ विरुद्ध २८ मतांनी ठराव केला की चीन निकष पूर्ण करत नाही तोवर त्याच्या मालाची मोजणी वेगळ्या पद्धतीनेच व्हावी. युरोपीय आयोगाने मग जी वाट काढली ती आपल्या दोन्ही मंत्रालयांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. त्यांनी चीनला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. देशांची यादीच काढून टाकली. डिसेंबर २०१७मध्ये लागू झालेल्या नव्या नियमात, कुठल्याही देशात सरकारी हस्तक्षेपामुळे भावांमध्ये लक्षणीय विकृती असेल तर तिथले भाव बाजूला ठेवून बाहेरचे मापदंड घ्यायचे, अशी तरतूद केली. त्याच दिवशी चीनवरचा साडेचारशेहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध केला : बँका, जमीन, ऊर्जा, कामगार, पोलाद, रसायनं, सगळं त्यात. दर्जाचा शब्दही न उच्चारता मोजणीचा हक्क राखला.

या मोजणीवरून चीनने जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, युरोपविरुद्ध दावा लावला होता. अमेरिका त्यात तिसरा पक्ष म्हणून उतरली आणि तिने युरोपच्या बाजूने कायदेशीर निवेदन दाखल केलं. जून २०१९मध्ये चीनने स्वतःच कामकाज थांबवायला सांगितलं, पुढच्या वर्षभरात ते पुन्हा सुरू करा म्हटलं नाही, आणि निवाडा करणाऱ्या पॅनेलची मुदत संपली. माझ्या मते अमेरिकेने युरोपला केलेली सगळ्यात मोठी मदत ही होती. इशारे देण्यापेक्षा तिने मित्राच्या वकिलाशेजारी बसून युक्तिवाद लिहिला.

आणि मधल्या काळात, २०१८मध्ये, त्याच अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन युरोपच्या पोलादावर २५ टक्के शुल्क लावलं. चिनी पोलादाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहू म्हणणाऱ्या दोन मित्रांमधली ही गोष्ट. हे आपल्याला नवीन नाही. ऑगस्ट २०२५मध्ये रशियन तेलाचं निमित्त करून भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं गेलं. भारतापेक्षा जास्त रशियन तेल घेणाऱ्या चीनला त्या कारणासाठी हात लागला नाही. ३० ऑक्टोबर २०२५ला बुसानमध्ये अमेरिकेच्या आणि चीनच्या अध्यक्षांनी तह केला आणि चिनी मालावरचं काही शुल्क उतरलं. समजा, त्याआधी महिनाभर आपण जाहीरपणे वॉशिंग्टनला चीनचा दर्जा काढून घ्या म्हणत राहिलो असतो, तर बुसाननंतर आपण कुठे उभे असतो? बीजिंगच्या रोषाचे धनी आपण, आणि चीनला सोयाबीन विकण्याचा फायदा अमेरिकेच्या शेतकऱ्यांना.

मित्राचा निर्णय मित्राच्या घरातल्या हिशोबाने होतो. आपल्या रदबदलीचा जोर तेवढाच, जेवढा त्या हिशोबात आपला आकडा बसतो. हे मान्य केलं की पुष्कळ चुका टळतात.

या बाबतीत सगळ्यात शहाणी रदबदली कुणी केली असं मला विचाराल, तर मी हाँगकाँगचं नाव घेईन. १९८९च्या तियानमेन हत्याकांडानंतर अमेरिकी काँग्रेसमध्ये दरवर्षी उन्हाळ्यात चीनचा एमएफएन दर्जा, म्हणजे पीएनटीआरचं तेव्हाचं दरवर्षी नव्याने मिळणारं रूप, नूतनीकरणाला येई आणि दरवर्षी तो काढून घ्यायची मागणी होई. हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन त्या वेळी निवडणूक सुधारणांवरून बीजिंगशी उघड भांडत होते. चीनच्या हाँगकाँगविषयक कार्यालयाचे प्रमुख लू पिंग यांनी मार्च १९९३मध्ये त्यांना पिढ्यान् पिढ्यांचा पापी ठरवलं. त्याच वर्षी पॅटन वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी अध्यक्ष क्लिंटन यांना काय सांगितलं? चीनचा दर्जा अटी न घालता चालू ठेवा. कारण सरळ होतं. चीन-अमेरिका व्यापाराचा मोठा भाग हाँगकाँगच्या बंदरातून जाई. दर्जा गेला तर पहिली नोकरी हाँगकाँगच्या माणसाची जाणार होती.

पुढे २००० साली पीएनटीआरचा वाद शिगेला पोचला, तेव्हा हाँगकाँगच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते मार्टिन ली वॉशिंग्टनला जाऊन त्याच्या बाजूने बोलले. चीनने या माणसाला मुख्य भूमीवर पाऊल ठेवायला बंदी केली होती. तैवानचे नवनिर्वाचित अध्यक्ष चेन श्वे-ब्यान यांनीही चीनच्या प्रवेशाला अनुकूल भूमिका घेतली. प्रतिनिधीगृहाने २४ मे २००० रोजी २३७ विरुद्ध १९७ मतांनी विधेयक मंजूर केलं. त्यांचं भाकीत, की व्यापार वाढला की चीन मोकळा होईल, खरं ठरलं नाही, हे आज सगळ्यांना दिसतं. पण रदबदलीची रीत म्हणून पाहा. ज्यांना बीजिंगचा सूड घ्यायचा हक्क होता त्यांनी सूड मागितला नाही. आपल्या लोकांच्या पोटाशी निगडित तेवढंच मागितलं आणि राजकीय भांडण वेगळ्या दारात लढवलं. पॅटन यांची मागणी मान्य व्हायला वर्ष जावं लागलं, पण शेवटी त्यांचं ऐकलं गेलं.

उलट उदाहरण त्याच वर्षांतलं. मे १९९३मध्ये क्लिंटन यांनी दर्जाचं नूतनीकरण मानवी हक्कांच्या प्रगतीशी जाहीर आदेशाने बांधलं. अट अशी जाहीर झाल्यावर बीजिंगने ती मानली नाही. परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर मार्च १९९४मध्ये बीजिंगला गेले, त्याच्या तोंडावर तिथे विरोधकांची धरपकड झाली. २६ मे १९९४ला क्लिंटन यांनी स्वतःच्या हाताने दर्जा आणि मानवी हक्क यांची फारकत केली. मागणी रास्त होती. चौकात उभं राहून तारीख देऊन मागितल्यामुळे ती मागे घेतानाही चौकातच घ्यावी लागली.

आता ऑस्ट्रेलिया. एप्रिल २००५मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांनी बीजिंगमध्ये चीनला बाजार-अर्थव्यवस्था म्हणून मान्यता दिली. मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू होण्याची ती किंमत होती. करार डिसेंबर २०१५मध्ये लागू झाला. एप्रिल २०२०मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी म्हटलं आणि मेमध्ये चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर एकूण ८०.५ टक्के शुल्क लावलं. नंतर वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत. ही शुल्कं मुख्यतः अँटी-डम्पिंगच्याच नावाने होती. ज्या चीनला ऑस्ट्रेलियाने बाजाराच्या नियमाने चालणारा देश मानलं, त्याने बाजाराचंच हत्यार राजकीय सूड म्हणून वापरलं. मित्रदेशांनी पाठिंब्याची निवेदनं काढली. चिनी दुकानांत रिकामी झालेली जागा मात्र इतर देशांच्या वाइननेच भरली. बार्लीवरचं शुल्क उठायला ऑगस्ट २०२३ उजाडला, वाइनवरचं मार्च २०२४. दर्जा दिल्याने संरक्षण मिळतं, हा समज यातून मोडतो. तसंच, चीनच्या रागाचा मार खाताना मित्र शेजारी उभा असला तरी मार एकट्यालाच बसतो, हेही दिसतं.

आपल्याला बसणारा मार कुठे लागेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. २०२४-२५मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली. औषधांसाठी लागणाऱ्या बल्क ड्रगच्या आयातीतला सुमारे ७० टक्के हिस्सा तिकडचा. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना पद्धत लावली. रोख अमेरिकेवर होता, पण इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरसाठी ती चुंबकं लागणारे आपले वाहन उद्योगही अडचणीत आले. त्याच वर्षी विद्राव्य खतांचा पुरवठा आटला. नाशिकचा किंवा तासगावचा द्राक्ष बागायतदार ठिबकमधून जे खत सोडतो, त्याचा मोठा भाग चीनमधून येतो. ब्रसेल्समध्ये आपला अधिकारी कुणाशी काय बोलला याचं बिल निफाडच्या शेतकऱ्याच्या नावावर फाटू शकतं. बोलू नये असं मी म्हणत नाही. बोलण्याआधी त्या खताची, त्या चुंबकाची दुसरी सोय किती महिन्यांत होते, याचा कागद टेबलावर असावा.

वाणिज्य मंत्री महोदय, इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्ली मेट्रोच्या डब्यात जर्मनीचे उपचान्सेलर हाबेक यांच्याशी आपलं झालेलं बोलणं सगळ्या देशाने पाहिलं. जर्मन कंपनीची बोगदा खोदायची यंत्रं चीनमध्ये तयार होतात आणि चीन ती भारताला विकू देत नाही, ही आपली तक्रार शंभर टक्के रास्त होती. मग जर्मन यंत्रं घेणंच बंद करावं लागेल, हेही आपण बोलून गेलात. हे शब्द बंद खोलीत, जर्मन अर्थमंत्रालयातल्या त्या विषयाच्या अधिकाऱ्यासमोर, यंत्रांची यादी आणि अडकलेल्या तारखा पुढे ठेवून उच्चारले गेले असते तर मोठं हत्यार ठरलं असतं. कॅमेऱ्यासमोर त्यांची बातमी झाली. बीजिंगला कळलं की दाब नेमका कुठे बसतो आहे, आणि पाहुण्याला मायदेशी जाऊन उत्तर द्यायची वेळ आली. आपल्याला चीनविषयी जर्मनीकडून पुढे पुष्कळ काही मागायचं आहे. म्हणून कळकळीने लिहिते आहे.

बंद खोलीही पूर्ण बंद नसते. २०१०-११मध्ये अमेरिकी दूतावासांच्या अडीच लाखांच्या आसपास तारा, म्हणजे अंतर्गत संदेश, फुटून जगासमोर आल्या. कुठल्या मित्राने कुणाबद्दल काय म्हटलं, ते सगळं त्यात होतं. मित्राकडे असं काही बोलू नये जे उद्या बीजिंगमध्ये वाचून दाखवलं तर आपल्याला नाकारावं लागेल. २०२४मध्ये रशियातल्या कझानला झालेल्या मोदी-शी भेटीनंतर आपण चीनशी सीमेवर आणि व्यापारात हळूहळू बोलणं सुरू केलं आहे. कायद्याच्या कलमावर बेतलेली मागणी बीजिंगसमोरही ताठ मानेने सांगता येते : आम्ही हीच पद्धत घरात वापरतो, मित्रांनीही वापरावी म्हणतो. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले, त्याचा हिशोब वेगळा आहे आणि तो कधीच विसरायचा नाही. पण तो शुल्काच्या अर्जात मिसळला तर शुल्काचा अर्ज राजकीय ठरतो आणि जिनिव्हात पडतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र आपल्या स्वतःच्या घराची. डीजीटीआरच्या मौखिक सुनावणीला एकदा बसून पाहा. टेबलाच्या एका बाजूला तारापूर किंवा लोटे-परशुरामचा रसायन उत्पादक, ज्याची भट्टी अर्ध्या क्षमतेवर चालते. समोर चिनी निर्यातदाराचे दिल्लीतले वकील, आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच बाजूने, आपलाच एखादा रंगवाला, कापडवाला, औषधवाला. तो सांगतो की शुल्क लागलं तर माझा कच्चा माल महागेल आणि माझी निर्यात बांगलादेशकडे जाईल. दोघंही खरं बोलतात. दोघांकडेही कामगार आहेत. त्या खोलीत मी अनेकदा उत्पादकाच्या बाजूने बसले आहे, आणि समोरच्या छोट्या प्रक्रियादाराच्या हातातली ऑर्डरची फाइल पाहून मला कधीही निव्वळ विजयाचा आनंद झालेला नाही. डीजीटीआर शिफारस करते, शुल्क लावायचं की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि २०२०नंतर अशा अनेक शिफारशी अमलातच आल्या नाहीत. त्यामागे काही वेळा ही दुसरी बाजूच असेल. पण ब्रसेल्समधला अधिकारी आपल्याला पहिला प्रश्न हाच विचारणार : चीनचे भाव खोटे आहेत असं तुम्ही आम्हाला सांगता, मग तुमच्याच संस्थेने सुचवलेलं शुल्क तुम्ही का लावत नाही? याला उत्तर तयार नसेल तर पुढचं बोलणं ऐकूनही घेतलं जाणार नाही.

आणखी एक. मित्राच्या हातात आपण जे हत्यार देऊ, ते आपल्याकडेही वळेल. युरोपचा २०१७चा नियम चीनसाठी लिहिला असला तरी त्यात देशाचं नाव नाही. आपल्याकडच्या सरकारी खनिज भावांवर, विजेच्या दरांवर किंवा निर्यातबंदीवर तो उद्या लावता येईल. ऑक्टोबर २०२५मध्ये युरोपीय आयोगाने पोलादाच्या शुल्कमुक्त आयातीचा कोटा ४७ टक्क्यांनी कमी करून त्यापुढच्या मालावर ५० टक्के शुल्क सुचवलं. कारण दिलं जगभरच्या अतिरिक्त क्षमतेचं, आणि ती मुख्यतः चीनमध्ये आहे. भारतीय पोलाद मात्र त्याच रांगेत उभं राहिलं. अमेरिकेने पीएनटीआर काढला तर तिथे न खपलेला चिनी माल कुठे वळेल, याचा अंदाज न्हावाशेवा बंदरातल्या कुठल्याही कस्टम हाउस एजंटला विचारा. तो नकाशाही न बघता सांगेल.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पीएनटीआर काढा म्हणून वॉशिंग्टनला सांगायला भारताने जाऊ नये. तो अमेरिकी कायदेमंडळाचा विषय आहे, त्यात आपला कायदेशीर धागा नाही आणि निकाल कुठलाही लागला तरी आपला तोटा होऊ शकतो. युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांच्याकडे मात्र मोजणीच्या पद्धतीबद्दल जरूर जावं. विकृत भावांचे पुरावे आपसांत द्यावेत-घ्यावेत : कुठल्या प्रांतात कुठल्या रसायनाला वीज काय दराने मिळते, कुठली सरकारी बँक व्याज माफ करते. आपल्या चौकशीत जमलेल्या माहितीतला गोपनीय नसलेला भाग त्यांच्या उपयोगाचा आहे, त्यांचे देशनिहाय अहवाल आपल्या. जिनिव्हात मित्रावर दावा झाला तर आपण तिसरा पक्ष म्हणून लेखी बाजू मांडावी. आणि बदल्यात एक गोष्ट ठामपणे मागावी : अतिरिक्त क्षमतेविरुद्धच्या उपायांतून भारतीय मालाला स्वतंत्र वागणूक.

हे काम मंत्र्यांच्या भेटीत सुरू होऊ नये. आधी सहसचिव पातळीवर, दूतावासातल्या व्यापार सल्लागाराकडून, नाव-सही नसलेल्या टिपणाने, म्हणजे नॉन-पेपरने व्हावं. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवावी. ज्या मित्राला नाही म्हणता येत नाही तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही. मंत्र्यांनी शेवटी बसावं, जेव्हा फक्त होकार उरलेला असतो.

त्याआधी दोन्ही मंत्रालयं आणि अर्थ मंत्रालय यांची एक लेखी भूमिका ठरावी, आणि ती ठरवताना उत्पादकांइतकंच त्या कापडवाल्याचं, औषधवाल्याचं आणि द्राक्ष बागायतदाराचं म्हणणं ऐकलं जावं. आज दिल्लीत वाणिज्य भवनात एक सूर लागतो, अर्थ मंत्रालयाकडून आलेल्या निर्णयात दुसरा, आणि परदेशी दूतावास दोन्ही टिपून घेतात.

या टिपणासाठी लागणारे खर्चाचे तक्ते करायला डीजीटीआरकडे माणसं अपुरी असतील, तर या कामात आयुष्य घालवलेले निवृत्त लोक मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. बोलावलंत तर आम्ही स्वखर्चाने दिल्लीला येऊ.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, डोंबिवली